मदत हवी आहे: बाळाच्या अंगावर गांधी उठतात, दोष पान्ह्याच्या इंजेक्शनचा की दुधाचा?

नमस्कार. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो. मुलगी अकरा महिन्यांची आहे, आतापर्यंत अंगावरच पाजलं. मागच्या महिन्यात शेजारच्या काकांकडचं म्हशीचं दूध उकळून अर्धी वाटी दिलं. पंधरा मिनिटांत पोटावर, मांड्यांवर लाल गांधी उठल्या आणि वरचा ओठ टम्म सुजला. परवा दुसऱ्या घरच्या गाईच्या ताकाची कढी दोन चमचे भातात कालवून दिली, तर पुन्हा तेच.

काकांच्या म्हशीचं पारडू मेलंय. ती पान्हा सोडत नाही म्हणून ते रोज ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन टोचतात. पऱ्हाटीच्या कुडाला खोचलेली बाटली मी स्वतः पाहिली. सासूबाई म्हणतात, हे त्या इंजेक्शनचंच विष. बाळंतपणात कळांसाठी मलाही सलाईनमधून ऑक्सिटोसिन दिलं होतं. त्यामुळे तर झालं नसेल ना? रात्र रात्र झोप नाही. शेळीचं दूध देऊन बघू का?

प्रतिसाद:
ताई, शेळीचं दूध अजिबात देऊ नका. गाय, म्हैस, शेळी तिघींच्या दुधातली प्रथिनं इतकी सारखी असतात की एकीचं सोसलं नाही तर बहुतेकदा दुसरीचंही सोसत नाही. दुधातलं केसीन हे प्रथिन उकळूनही टिकतं.

इंजेक्शनचं म्हणाल तर ऑक्सिटोसिन नऊ अमिनो आम्लांची छोटी साखळी आहे, पोटात गेल्यावर ती पचून तुटते. बाळ छातीला लागलं की तुमचा पान्हाही त्यानेच सुटतो. माणसात आणि म्हशीत रेणू एकच. अकरा महिने बाळाने तुमचं दूध पचवलंच ना? आणि कढी तर दुसऱ्या घरची होती. सलाईनमधलं औषध रक्तातून काही मिनिटांत ओसरतं, ते मनातून काढून टाका.

काकांचं रोजचं टोचणं मात्र चूकच. त्या मुक्या जनावराचे हाल होतात आणि दूध वाढवायला अशी अपायकारक इंजेक्शनं देणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

अंगावर पाजणं सुरू ठेवा. घरी पुन्हा दूध देऊन तपासू नका. बालरोगतज्ज्ञांकडून ॲलर्जी ओळखणारी त्वचेची किंवा रक्ताची आयजीई चाचणी करून घ्या. दम लागला, आवाज बसला, बाळ मलूल पडलं तर थेट 108. तेव्हा मांडीत ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन लागतं, ॲलर्जीच्या गोळीवर विसंबू नका. बरीच लेकरं मोठेपणी दूध पचवू लागतात.

धागाकर्ती:
खूप आभार. सासूबाईंना वाचून दाखवलं. बुधवारी यवतमाळला नेतो. एक राहिलं: घरात सगळ्यांचा चहा दुधाचाच असतो. तिची वाटी-चमचा वेगळा ठेवला तर पुरेल का?