बोर्डवर शेअर्ड लायब्ररी अडते म्हणून सगळे स्टॅटिक लिंक करावे का?

सिसरूट_पक्ष

एम्बेडेड लिनक्ससाठी क्रॉस-कंपाइल करणाऱ्यांची, म्हणजे एका संगणकावर (होस्टवर) वेगळ्या उपकरणासाठी (बोर्डसाठी) प्रोग्रॅम बांधणाऱ्यांची, एक सवय मला वारंवार दिसते आणि ती मला घातक वाटते. होस्टवर प्रोग्रॅम विनातक्रार तयार होतो, बोर्डवर नेला की शेअर्ड लायब्ररीपाशी (वेगळ्या फाइलमध्ये राहून अनेक प्रोग्रॅमना वापरता येणाऱ्या कोडपाशी) अडतो, आणि थोडा वेळ चाचपडल्यावर लिंकरला (प्रोग्रॅम आणि लायब्ररी जोडणाऱ्या साधनाला) ‘-स्टॅटिक’ सांगून सगळे एकाच फाइलमध्ये घातले जाते. त्यानंतर प्रश्न सुटला असे धरून चालतात. माझे मत असे आहे की तो सुटलेला नसतो. ज्या लायब्ररी समोर ठेवून आपण लिंक केले आणि ज्या बोर्डवर प्रत्यक्ष आहेत, त्यांच्यात फरक आहे, ही माहिती तो एरर देत होता, आणि ती माहितीच आपण हातची घालवतो.

सर्वांत जास्त दिशाभूल करणारा संदेश म्हणजे ‘अशी फाइल किंवा डिरेक्टरी नाही’. प्रोग्रॅमची फाइल समोर दिसत असते, ती चालवण्याची परवानगीही असते, तरी शेल हेच सांगतो. इथे हरवलेली फाइल प्रोग्रॅमची नसून त्याच्या डायनॅमिक लोडरची, म्हणजे सुरू होताना त्याला लागणाऱ्या शेअर्ड लायब्ररी शोधून मेमरीत आणणाऱ्या प्रोग्रॅमची, असते. प्रत्येक डायनॅमिक बायनरीत आपल्या लोडरचा पूर्ण मार्ग लिहिलेला असतो. कर्नल त्या मार्गावर लोडर शोधतो, आणि तो न मिळाल्यास येणारा एरर शेल प्रोग्रॅमच्या नावाने छापतो. जीलिबसी आणि मसल या लिनक्सवरच्या दोन सी लायब्ररी आहेत, आणि हार्ड-फ्लोट व सॉफ्ट-फ्लोट हे दशांश संख्या हाताळण्याचे दोन प्रकार. ३२-बिट आर्मवर हार्ड-फ्लोट जीलिबसीचा लोडर ‘एलडी-लिनक्स-आर्मएचएफ.एसओ.३’ असतो, सॉफ्ट-फ्लोटचा ‘एलडी-लिनक्स.एसओ.३’ असतो आणि हार्ड-फ्लोट मसलचा ‘एलडी-मसल-आर्मएचएफ.एसओ.१’ असतो. होस्टवरच ‘रीडएल्फ -एल’ चालवले की बायनरीला यांपैकी कोणता हवा आहे ते एका ओळीत कळते. टूलचेन (कंपायलर, लिंकर वगैरे साधनांचा संच) आणि बोर्ड एकमेकांचे नाहीत हे तिथेच सिद्ध होते.

दुसरा संदेश ‘जीलिबसी २.३४ ही आवृत्ती सापडली नाही’ अशा धाटणीचा असतो. जीलिबसी आपल्या सिम्बॉलना (फंक्शन वगैरेंच्या नावांना) आवृत्ती जोडते, त्यामुळे जुन्या जीलिबसीवर बांधलेला प्रोग्रॅम नव्यावर चालतो, पण नव्यावर बांधलेला जुन्यावर चालेल याची हमी नसते. ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या २.३४ ने थ्रेड आणि डायनॅमिक लोडिंगच्या स्वतंत्र लायब्ररी मुख्य लायब्ररीत विलीन केल्या, आणि प्रोग्रॅम सुरू करून देणाऱ्या मूळ फंक्शनलाही नवी आवृत्ती दिली. परिणामी २.३४ किंवा त्यापुढच्या जीलिबसीवर लिंक केलेला अगदी एका ओळीचा प्रोग्रॅमसुद्धा जुन्या बोर्डवर उघडत नाही. लोक आपल्या कोडमध्ये असे नवे काय वापरले गेले ते शोधत बसतात, आणि कोडमध्ये तसे काहीच नसते.

तिसरा प्रकार मला सर्वांत वाईट वाटतो, कारण त्यात कधी कधी संदेशच येत नाही. पीकेजी-कॉन्फिगने (लायब्ररी कुठे आहेत ते सांगणाऱ्या साधनाने) होस्टचे मार्ग दिले की लिंकर होस्टच्या लायब्ररी चाळू लागतो. होस्ट एक्स८६ आणि टार्गेट आर्म असेल, तर विसंगत फाइल वगळली असे तो निदान सांगतो. दोन्ही एक्स८६-६४ असतील, तर होस्टची लायब्ररी निमूटपणे जोडली जाते आणि बिघाड उपकरणावर जाऊन उघड होतो. ‘पीकेजी_कॉन्फिग_पाथ’ने शोधाच्या यादीत फक्त भर पडते, होस्टची यादी कायम राहते, ती यादीच बदलायची तर ‘पीकेजी_कॉन्फिग_लिबडिर’ लागते, आणि मिळालेल्या मार्गांपुढे सिसरूट (टार्गेटच्या लायब्ररी आणि हेडर ठेवलेली होस्टवरची डिरेक्टरी) जोडण्यासाठी ‘पीकेजी_कॉन्फिग_सिसरूट_डिर’ लागते. या तिघांतला फरक न जाणता केलेले स्टॅटिक लिंकसुद्धा तितकेच दूषित असू शकते.

म्हणून माझी भूमिका अशी: बोर्डवर जे चालणार आहे त्याचाच सिसरूट घ्यावा, त्याच्यासमोरच लिंक करावे, आणि लायब्ररी शेअर्डच ठेवाव्यात.

एकल_फाइल

तुम्ही निदानाची पद्धत अचूक मांडली आहे, निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. शेअर्ड लायब्ररीचा मूळ लाभ असा की अनेक प्रोग्रॅम एकाच लायब्ररीची कोडची पाने मेमरीत वाटून घेतात आणि डिस्कवर तिची एकच प्रत राहते. माझ्या उपकरणावर बिझीबॉक्स (लिनक्सच्या मूलभूत आज्ञांचा एकत्र संच) सोडला तर एकच प्रोग्रॅम चालतो. तिथे वाटून घ्यायला दुसरे कोणी नाही. उलट स्टॅटिक लिंक करताना लिंकर संग्रहातल्या (स्टॅटिक लायब्ररीच्या फाइलमधल्या) ज्या ऑब्जेक्ट फाइल लागतात तेवढ्याच उचलतो, त्यामुळे एकूण आकार कमीच होतो. मग लोडर, आवृत्त्या, शोधमार्ग आणि सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी नावे) ही चार बिघाडस्थाने मी कोणत्या लाभासाठी पदरात घ्यावीत?

स्टॅटिक बायनरीला बाहेरून फक्त कर्नलचे सिस्टिम कॉल लागतात, आणि लिनक्स कर्नल तो करार वर्षानुवर्षे जपत आला आहे. युजरस्पेसमधल्या लायब्ररींनी तो तितक्या काटेकोरपणे जपल्याचा माझा अनुभव नाही. तुम्ही ज्याला माहिती घालवणे म्हणता, त्याला मी अवलंबित्व काढून टाकणे म्हणतो. जो भाग उरलाच नाही तो बिघडणार कसा, हे मी पूर्ण गांभीर्याने विचारत आहे.

देखभाल_विभाग

एकल_फाइल यांच्या मुद्द्यात उपकरण विकले गेल्यानंतरची वर्षे कुठेच नाहीत, आणि माझे सगळे काम त्याच वर्षांतले आहे. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीतला हार्टब्लीड हा सुरक्षेचा दोष जाहीर झाला. १.०.१ ते १.०.१एफ या आवृत्त्या बाधित होत्या आणि १.०.१जी मध्ये तो दुरुस्त झाला. ज्या उपकरणांत लायब्ररी शेअर्ड होती, तिथे कोणते प्रोग्रॅम ती मागतात हे ‘रीडएल्फ -डी’ने पाहता येत होते आणि लायब्ररीची एक फाइल बदलून भागत होते. आमच्याकडे एका पुरवठादाराने दिलेला स्टॅटिक प्रोग्रॅम होता. त्यात ओपनएसएसएल आहे की नाही, असल्यास कोणती, हे आम्हाला बायनरीतल्या अक्षरमाला शोधून ठरवावे लागले. सोर्स आमच्याकडे नव्हता, आणि पुरवठादाराकडून नवी बायनरी मिळेपर्यंत आम्ही ते उपकरण नेटवर्कपासून तोडून ठेवले. ‘जो भाग उरलाच नाही’ असे तुम्ही म्हणता. तो भाग उरलेला असतो, फक्त त्याचे नाव पुसले गेलेले असते.

शिवाय जीलिबसी स्टॅटिक जोडली तरी ती पुरती स्टॅटिक होत नाही. ‘गेटअ‍ॅडरइन्फो’ (सर्व्हरच्या नावावरून पत्ता शोधणारे फंक्शन) वापरणारा प्रोग्रॅम स्टॅटिक लिंक करताना लिंकर स्वतःच बजावतो की, चालवतेवेळी याच आवृत्तीच्या जीलिबसीच्या शेअर्ड लायब्ररी लागतील. नावांचा शोध घेणारी मॉड्यूल ती तेव्हाही बाहेरूनच उचलते. ही सूचना बिल्डच्या शेकडो ओळींत वाहून जाते, आणि मग उपकरण आयपी पत्त्याला जोडले जाते पण नावाने जोडले जात नाही, अशी तक्रार येते.

एकल_फाइल

जीलिबसीबद्दल तुमचे म्हणणे पूर्ण बरोबर आहे. माझ्या पहिल्या प्रतिसादात ते लिहायला हवे होते. मी मसल वापरतो. ती स्टॅटिक लिंकिंग डोळ्यांसमोर ठेवूनच घडवलेली आहे आणि तिच्यात नावांच्या शोधासाठी बाहेरची मॉड्यूल लागत नाहीत.

हार्टब्लीडच्या उदाहरणाबाबत मात्र मी सहमत नाही. तुमची अडचण स्टॅटिक लिंकिंगने निर्माण केली नव्हती, सोर्स हाती नसण्याने केली होती. माझी रूट फाइलसिस्टिम स्क्वॉशएफएस आहे, म्हणजे केवळ वाचता येणारी. पूर्ण इमेजवर डिजिटल सही असते आणि अपडेट आला की एका विभाजनाऐवजी दुसऱ्यावरून बूट होते. अशा उपकरणात एकच लायब्ररीची फाइल जागेवर बदलणे शक्यही नाही आणि इष्टही नाही. एका ओळीच्या दुरुस्तीसाठीही मला बिल्डरूट या इमेज बांधणाऱ्या साधनातून अख्खी इमेज नव्याने बांधून, तपासून पाठवावी लागते. मग त्या इमेजमध्ये ओपनएसएसएल वेगळ्या फाइलमध्ये होती की प्रोग्रॅमच्या पोटात, याने दुरुस्तीच्या श्रमात काहीच फरक पडत नाही. कोणती आवृत्ती वापरली याची नोंद बिल्डमध्ये असते. ती बायनरीतून शोधण्याची वेळ यावी हेच मुळात चूक आहे.

परवाना_वाचक

एक गोष्ट थोडक्यात. जीलिबसी एलजीपीएल २.१ या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली आहे. ती प्रोग्रॅममध्ये स्टॅटिक जोडून तो वितरित करायला मनाई नाही, पण वापरकर्त्याला लायब्ररीची बदललेली आवृत्ती घालून पुन्हा लिंक करता यावे यासाठी आपल्या ऑब्जेक्ट फाइल किंवा सोर्स उपलब्ध करावा लागतो. शेअर्ड स्वरूपात ठेवले की हे बंधन सहज पाळले जाते. मसल एमआयटी परवान्याखाली असल्याने तिच्यापुरता हा प्रश्न येत नाही, पण तुमच्या प्रोग्रॅममध्ये एलजीपीएलची दुसरी एखादी लायब्ररी असेल तर तो पुन्हा उभा राहतो. बंद सोर्सचे उपकरण विकणाऱ्यांनी ‘-स्टॅटिक’ लिहिण्याआधी हे वाचलेले असावे.

दुवा_तपासनीस

माझा आक्षेप मूळ धाग्यावर आहे. सिसरूट_पक्ष यांचा सगळा भर सिसरूट बरोबर असण्यावर आहे, आणि बोर्डवरून उचललेला सिसरूट हा त्यांना खात्रीचा उपाय वाटतो. मी पाहिलेल्या बिघाडांपैकी बरेच असे होते की सिसरूट निर्दोष होता, लायब्ररी योग्य आवृत्तीची होती, बोर्डवर पोहोचलेलीही होती, आणि तरी लोडरला सापडत नव्हती.

एका लायब्ररीची तीन नावे असतात हे इथे कोणी सांगितले नाही. ‘लिबझेड.एसओ.१.२.११’ ही खरी फाइल असते, ‘लिबझेड.एसओ.१’ हे तिचे एसओनेम असते आणि बायनरीत तेवढेच नोंदले जाते, ‘लिबझेड.एसओ’ हे फक्त लिंकरसाठी असते. शेवटची दोन नावे सिमलिंक असतात. फॅट फाइलसिस्टिमवर सिमलिंक ठेवता येत नाहीत, म्हणून पेनड्राइव्हवरून फाइल नेल्या की लांब नावाची खरी फाइल तेवढी पोहोचते आणि लोडर ज्या नावाने हाक मारतो ते नाव बोर्डवर नसते. टार फाइल करून नेली की हा प्रश्न उद्भवत नाही. मी यावर एकदा दीड दिवस घालवला आहे, म्हणून इतके तपशिलाने लिहितो.

आता बोर्डवरून उचललेल्या सिसरूटविषयी. बोर्डवरचे काही सिमलिंक पूर्ण मार्गाचे असतात, म्हणजे ‘/’ पासून सुरू होणारे. ते होस्टवर उचलून आणले की त्यांची दिशा सिसरूटच्या आत न राहता होस्टच्या स्वतःच्या डिरेक्टरीकडे वळते. तुटलेला दुवा असेल तर निदान एरर येतो. होस्टवर त्याच मार्गावर त्याच नावाची फाइल असेल, तर तुम्ही सांगितलेला तिसरा, न बोलणारा बिघाड तुमच्याच उपायातून जन्माला येतो. सिसरूट उचलल्यावर असे सगळे दुवे सापेक्ष करून घेणे हे पहिले काम आहे.

आणि शोधमार्ग. बायनरीतला लायब्ररी शोधण्याचा जुना मार्ग ‘आरपाथ’ तिच्या लायब्ररींना पुढे ज्या लायब्ररी लागतात त्यांच्यासाठीही पाहिला जातो, तर नवा ‘रनपाथ’ त्या फाइलच्या थेट गरजांपुरताच लागू होतो. म्हणून प्रोग्रॅमला रनपाथ देऊनही त्याच्या लायब्ररीची लायब्ररी सापडत नाही, आणि माणूस चक्रावतो. लिंकरचा ‘-आरपाथ-लिंक’ हा पर्याय केवळ लिंक करतेवेळी उपयोगी असतो, बोर्डवर त्याचा काहीही परिणाम नसतो. नावातल्या साम्यामुळे तो अनेकदा चुकीच्या अपेक्षेने लावला जातो. ‘एलडी_लायब्ररी_पाथ’ (शोधाच्या डिरेक्टरी सांगणारा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल) मी तपासणीपुरताच वापरतो. सेटयूआयडी (फाइलच्या मालकाच्या अधिकाराने चालणाऱ्या) प्रोग्रॅमसाठी लोडर तो दुर्लक्षितो, आणि सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये तो कायमचा लिहून ठेवला की पुढे प्रत्येक प्रोग्रॅमचा शोध बदलतो. जीलिबसीच्या बोर्डवर ‘एलडी_डीबग=लिब्ज’ लावून प्रोग्रॅम चालवा; लोडर कोणत्या डिरेक्टरीत क्रमाने काय शोधतो ते ओळीओळीने दिसते. होस्टवरचे ‘एलडीडी’ (लागणाऱ्या लायब्ररींची यादी दाखवणारे साधन) परक्या आर्किटेक्चरची बायनरी डायनॅमिक नाही असे सांगते, त्यावर विसंबू नये.

सिसरूट_पक्ष

दुवा_तपासनीस यांचा पूर्ण मार्गाच्या सिमलिंकविषयीचा मुद्दा मी स्वीकारतो. बोर्डवरून सिसरूट उचला हा सल्ला मी त्या इशाऱ्याविना द्यायला नको होता. सिसरूट आणि इमेज ही दोन्ही एकाच बिल्डमधून निघावीत, असे म्हणणे अधिक योग्य ठरले असते.

एकल_फाइल यांची बाजूही मी आता वेगळ्या नजरेने पाहतो. मसल, एकच प्रोग्रॅम, पूर्ण इमेजचे अपडेट आणि सर्व सोर्स हाती, या चारही अटी पुऱ्या होत असतील तर स्टॅटिक हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे आणि त्याला माझा विरोध नाही. पण एक अडचण तिथेही उरते. मसलने १.२.० मध्ये, म्हणजे २०२० मध्ये, ३२-बिट आर्किटेक्चरवरही वेळेचा प्रकार ६४-बिट केला. नव्या मसलवर बांधलेला प्रोग्रॅम आणि आधीच्या मसलवर बांधलेला एखादा स्टॅटिक संग्रह यांच्यात वेळ असलेली रचना इकडून तिकडे जात असेल, तर दोघांच्या मते तिचा आकार वेगळा असतो. लिंकर केवळ नावे जुळवतो, आकार जुळवत नाही. पोटात घेतलेली लायब्ररी परक्या करारावर बांधलेली असू शकते, आणि ‘जो भाग उरलाच नाही तो बिघडणार कसा’ याचे माझे उत्तर हेच आहे.

माझ्या बिल्डमध्ये आता शेवटी एक तपासणी असते. इमेजमधल्या प्रत्येक बायनरीचा लोडर तिने मागितलेल्या मार्गावर इमेजमध्ये आहे का, तिला लागणारे प्रत्येक एसओनेम तिच्या शोधमार्गावर आहे का, आणि कोणाच्या आरपाथमध्ये किंवा रनपाथमध्ये होस्टची डिरेक्टरी राहून गेली आहे का, हे पाहिले जाते. एकही उत्तर चुकले तर बिल्ड थांबते. जिथे जमते तिथे ‘क्यूईएमयू-आर्म’ला (होस्टवर आर्मचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या एम्युलेटरला) ‘-एल’ने इमेजची डिरेक्टरी देऊन प्रोग्रॅम होस्टवरच एकदा उघडूनही पाहिला जातो. बोर्डवर जाऊन कळणाऱ्या बहुतेक गोष्टी त्यामुळे होस्टवरच कळतात.

एकल_फाइल

वेळेच्या प्रकाराचे उदाहरण मला लागू पडते. माझ्याकडे एका सेन्सरच्या पुरवठादाराने दिलेला एक तयार संग्रह आहे आणि तो कोणत्या मसलवर बांधला हे मी कधी विचारलेले नाही, उद्या विचारतो. बाकी सगळे मी सोर्समधून एकाच टूलचेनने बांधतो, त्यामुळे माझी मूळ भूमिका तशीच आहे. तुमच्या तपासणीतले पहिले दोन प्रश्न माझ्या इमेजला पडतच नाहीत, आणि मला स्टॅटिक हवे असण्याचे कारण अजूनही तेच आहे. तिसऱ्या पक्षाचे संग्रह मात्र मी यापुढे सोर्सशिवाय घेणार नाही.