सल्ला हवाय: खरी डायनॅमिक कॅम्पेन कुठल्या फ्लाइट सिममध्ये? आणि घरच्या टेबलावर कॉकपिटचा फील कसा आणायचा? (कोल्हापूर)

उजळाईवाडी_फायनल:
मंडळी, पीसी असा आहे: आय-५, १६ जीबी रॅम, १६६० सुपर ग्राफिक्स कार्ड, ५१२ जीबीची एसएसडी. स्टिक टी.१६०००एम, थ्रॉटल टीडब्ल्यूसीएस. सध्या डीसीएसची (लढाऊ विमानांचा सिम) सुटी मिशन्स उडवतोय आणि त्यांचा वीट आलाय. पूल पाडायचा, उतरायचं, उद्या तेच मिशन लावलं की पूल जागेवर. युद्ध पुढं सरकतंय आणि आपल्या केल्या-न केल्याचा त्यावर परिणाम होतोय, असं काही हवंय. डीसीएसमध्येच जमेल का फाल्कन बीएमएसकडं जावं? व्हीआर हेडसेट घ्यायचं बजेट नाही, पण टेबलाला काय करता येईल तेही सांगा. राजारामपुरीत राहतो, पावसाळ्यात लाइटचा भरवसा नाही, हे धरून सांगा.

शाहूपुरी_वायपर:
तुमच्या पुलाला एकच उत्तर आहे, फाल्कन बीएमएस. मूळ फाल्कन ४.० हा एफ-१६ विमानाचा सिम डिसेंबर १९९८ चा, मायक्रोप्रोजचा. त्यावर बीएमएस ही फुकट मॉड आहे, पण मूळ गेम विकत घेतलेला लागतो. स्टीमवर किंवा जीओजीवर घ्या (सेलमध्ये अगदी किरकोळ पैशांत मिळतो), आधी तो टाका, मग बीएमएस. तुमच्या पीसीवर निवांत चालेल.

एवढं युद्ध या पीसीवर कसं मावतं, तर तुमच्या विमानाभोवती एक बुडबुडा असतो. त्याच्या आत प्रत्येक रणगाडा, प्रत्येक ट्रक सुटा आणि खरा. बाहेर अख्खी बटालियन म्हणजे नकाशावरचा एक ठिपका, तिथल्या लढाईचा निकाल आकडेमोडीनं लागतो. तुम्ही जवळ गेलात की ठिपका उलगडतो, लांब गेलात की पुन्हा मिटतो. पण हिशोब कायम राहतो. सकाळी तुम्ही १२ रणगाडे मारलेत तर संध्याकाळी त्या बटालियनमध्ये १२ कमीच असतात. धावपट्टी फोडली तर दुरुस्त होईपर्यंत तिथून विमानं उठत नाहीत. तुमच्या स्क्वाड्रनची विमानं, पायलट आणि क्षेपणास्त्रं तीही मोजूनच असतात. चिल्लर मिगवर अॅमरॅम क्षेपणास्त्रं उधळली की चौथ्या दिवशी लोडआउटच्या (शस्त्रं निवडायच्या) पानावर आकडा आटलेला दिसतो.

नवीन माणूस पहिली चूक करतो ती घड्याळाची. कॅम्पेन उघडली, एटीओची, म्हणजे ठरलेल्या मोहिमांची, यादी वाचत बसला आणि वेळ पळतोय याचा पत्ताच नाही. आधी घड्याळ थांबवा. सुरू करण्याआधीच्या पानावर दोन्ही बाजूंच्या बळाचे स्लायडर असतात, शत्रू पायलटांचं आणि सॅमचं (जमिनीवरची विमानविरोधी क्षेपणास्त्रं) कौशल्यही तिथंच ठरतं. पहिल्या कॅम्पेनला पायलट ‘कॅडेट’वर, सॅम त्याहून खाली. यात कमीपणा नाही.

पहिली पाच-सहा उड्डाणं बारकॅप घ्या, म्हणजे आपल्याच हद्दीवर गस्त. वाट चुकलात तरी खाली आपलीच माणसं. मग फळीजवळचं इंटरडिक्शन, म्हणजे शत्रूची रसद आणि कुमक तोडणं. सीड स्ट्राइक (शत्रूची सॅम आणि रडार दडपणं) आणि खोल आतल्या मोहिमा महिनाभर यादीतच राहू द्या. कॅम्पेन कोरियातली आहे, उत्तर कोरियाच्या बाजूला एसए-५ हा सॅम आहे, तो दोनशे किलोमीटरच्या पुढून बोलतो. उंचावर सरळ उडत राहिलात तर कोणी मारलं तेही कळत नाही.

आणि उड्डाण नेहमी ‘रॅम्प’वरूनच (विमान उभं असतं तिथून) सुरू करा. ‘टेकऑफ’ घेतलं की अर्धी मजा गेली. इंजिन बंद असलेलं थंड विमान, आयएनएस (विमानाला स्वतःची जागा सांगणारी यंत्रणा) नॉर्मलवर, आठ मिनिटं. तेवढ्या वेळात ब्रीफिंग पुन्हा वाचायचं, रेडिओ लावायचा, सोबतच्या फ्लाइटचं नाव पाठ करायचं. ही आठ मिनिटं कंटाळवाणी वाटली तर हा सिम तुमचा नाही.

उजळाईवाडी_फायनल:
दादा, बीएमएस टाकला, दोन उड्डाणं झाली. दोन्ही वेळा एकच गोष्ट: स्टीअरपॉइंट (वाटेवरच्या ठरलेल्या खुणा) भलतीकडं, बॉम्ब रस्त्याच्या पलीकडं. आणि बरोबर येणारी सीडवाली जोडी दिसलीच नाही.

शाहूपुरी_वायपर:
दोन वेगळे रोग आहेत.

स्टीअरपॉइंटचं आधी. आयएनएस जुळत असताना विमान इंचभरही हललं तर जुळणी बिघडते. त्यामुळं पार्किंग ब्रेक लावलाय ना ते बघा. डीईडीवर (कॉकपिटातला छोटा माहितीचा पडदा) ‘आरडीवाय’ लुकलुकायला लागलं की नॉब ‘नॅव्ह’वर फिरवायचा. बरेच जण तो फिरवायचंच विसरतात आणि तसेच टॅक्सी करतात. आठ मिनिटं नसतील तर ‘स्टोअर्ड हेडिंग’ दीड मिनिटात होतं. दुसरं, डीटीसी. बाहेरच्या पानावर डेटा कार्ट्रिज ‘सेव्ह’ करायची, आणि कॉकपिटात एमएफडीवर (बटणांचा मोठा पडदा) डीटीईच्या पानावर जाऊन ‘लोड’ दाबायचं. दोन्हीपैकी एक राहिलं की तुम्ही मांडलेल्या खुणा आणि धोक्याची वर्तुळं विमानाला माहीतच नसतात.

सीडची जोडी न दिसण्याचं कारण तुमचा उशीर. पॅकेजमधल्या (एका मोहिमेवर एकत्र निघालेल्या) प्रत्येक फ्लाइटचा टीओटी, म्हणजे लक्ष्यावर पोचायची वेळ, सेकंदात ठरलेली असते. ती जोडी तुमच्यासाठी थांबत नाही. तिनं वेळेवर जाऊन हार्म ही रडारवर जाणारी क्षेपणास्त्रं सोडली, रडार काही मिनिटं गप्प बसली आणि जोडी परतली. तुम्ही चार मिनिटांनी गेलात तेव्हा रडार परत चालू. क्रूझच्या पानावर टीओएस मोड निवडा, वेळेत पोचायला किती वेग लागेल ते हडवर (डोळ्यासमोरच्या काचेवरचा डिस्प्ले) खूण दाखवते. खूण पकडून उडा. आफ्टरबर्नर लावून वेळ भरून काढायला गेलात तर परतीला इंधन अपुरं. त्यापेक्षा रॅम्पवरून वेळेत हला.

पंचगंगा_टू:
वायपररावांचं सगळं मान्य, पण ज्याचा हात डीसीएसमध्ये बसलाय त्याला सरळ घर बदलायला सांगू नका. डीसीएसची अधिकृत डायनॅमिक कॅम्पेन ‘येणार, येणार’ हे आपण वर्षानुवर्षं ऐकतोय. तोवर लिबरेशन किंवा त्याच्यापासून फुटलेलं रेट्रिब्युशन. दोन्ही फुकट. हे बाहेर चालणारे प्रोग्रॅम आहेत: नकाशावर डाव मांडता, खेळातले पैसे खर्चून विमानं-रणगाडे घेता, ‘टेकऑफ’ दाबलं की ते एक मिशन फाइल बनवतात. ती डीसीएसमध्ये उडवायची. उतरलात की निकाल परत त्या प्रोग्रॅममध्ये, आणि पुढचा डाव. म्हणजे बुद्धिबळासारखं, चाल चाललात तरच वेळ सरकते. बीएमएससारखं तुम्ही नुसते बघत बसलात तरी युद्ध चालू, असं नाही. मला उलट तेच बरं वाटतं.

नेमकं अडतं कुठं, तर निकाल परत येण्यात. त्यासाठी मिशनला डिस्कवर लिहू द्यावं लागतं. डीसीएसच्या फोल्डरातल्या ‘स्क्रिप्ट्स’मध्ये मिशनस्क्रिप्टिंग.लुआ नावाची फाइल आहे. तिच्यात ‘आयओ’ आणि ‘एलएफएस’ बंद करणाऱ्या ओळी असतात, त्यांच्यापुढं दोन आडव्या रेघा दिल्या की त्या निष्प्रभ होतात. लिबरेशन हे काम स्वतः करायला बघतं, पण डीसीएस प्रोग्रॅम फाइल्समध्ये टाकलेलं असेल तर परवानगीअभावी गपचूप फसतं. शिवाय डीसीएसचं प्रत्येक अपडेट ती फाइल मूळपदावर आणतं. दोन तास उडून निकाल कोरा आला की नव्वद टक्के वेळा हेच. म्हणून अपडेटनंतर पहिलं काम ती फाइल उघडून बघणं. आणि एक: ओळी बंद असताना नेटवरून आलेलं अनोळखी मिशन चालवू नका, त्यालाही तुमच्या डिस्कवर तीच मुभा मिळते.

१६ जीबी रॅमवर लिबरेशन रडवेल, ३२ करा. सेटिंगमध्ये ‘कलिंग’ चालू ठेवा, म्हणजे फळीपासून लांबच्या फौजा मिशनमध्ये येतच नाहीत. एआय विमानांना ‘कोल्ड’ (इंजिन बंद) सुरुवात देऊ नका. एकाच तळावर १५ विमानं टॅक्सीला निघाली की गंगावेशीतल्या रविवारसारखी कोंडी होते आणि तुमच्यापुढचा हॉर्नेट धावपट्टीच्या तोंडाशी अडकून बसतो. एआयला ‘रनवे’ किंवा ‘इन फ्लाइट’, स्वतःला ‘कोल्ड’.

मॉड्यूल (विमान वगैरे) विकत घ्यायच्या आधी डीसीएसच्या स्वतंत्र आवृत्तीत १४ दिवसांचा ट्रायल मिळतो, तो वापरा.

रंकाळा_मेसर:
कोणी आयएल-२ चं (दुसऱ्या महायुद्धाचा सिम) नाव घेतलं नाही म्हणून लिहितोय. त्याच्या ग्रेट बॅटल्स मालिकेची करिअर छान आहे, सोबतचे पायलट मरतात, बदल्या होतात, पदकं मिळतात. पण फळी इतिहासातल्या तारखांप्रमाणंच सरकते. तुम्ही कितीही स्टुका पाडलेत तरी स्टालिनग्राडचं कॅलेंडर बदलत नाही. पीडब्ल्यूसीजी हा फुकट कॅम्पेन-जनरेटर लावला तर माणसं आणखी जिवंत होतात. धागाकर्त्याला जे हवंय ते हे नाही, पण थ्रॉटल-स्टिक घेऊन वीस मिनिटांत हवेत जायचं असेल तर याला तोड नाही. जुना लॅपटॉपवाला कोणी वाचत असेल तर हेलिकॉप्टरांचा कोमँची व्हर्सेस होकम, सन २०००. त्याची कॅम्पेन खरोखर डायनॅमिक आहे.

लेथवरचा_भावा:
टेबलाचं मी सांगतो. स्टिक टेबलावर ठेवून उडवायची न्हाई, खांदा वर येतोय आणि तासात मनगट धरतंय. खुर्चीत बसून कोपर काटकोनात ठेवा आणि हाताची मूठ कुठं येते ते मोजा. बहुतेकांची टेबलाच्या खाली १० ते १२ सेंटीमीटर येते. तिथं प्लेट पायजे.

शिवाजी उद्यमनगरात कुठल्याबी फॅब्रिकेशनवाल्याकडं जावा. ४ मिलीमीटरची एमएस (साधं पोलाद) प्लेट, स्टिकच्या बेसपेक्षा चारी बाजूंनी २० मिलीमीटर मोठी. ४० बाय ४० बाय ५ चा अँगल उभा, वर टेबलाला पकडायला दोन सी-क्लॅम्प. भोकांचं माप नेटवरच्या चित्रावरनं देऊ नका, बेस उलटा करून कॅलिपरनं मोजून कागदावर काढून द्या. ३ मिलीमीटरची प्लेट स्वस्त पडते पण जोरात ओढलं की लवते, आणि नेमकं निशाणा धरताना ते जाणवतंय. क्लॅम्पखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा घाला, न्हाईतर सनमायका गेला म्हणून समजा. घरी आणल्यावर रेड ऑक्साइडचे दोन हात द्या, हितल्या पावसात कोरी एमएस आठ दिवसांत तांबारते.

तुमच्या स्टिकमध्ये हॉल सेन्सर (चुंबकावर चालणारा) हाय, त्यामुळं दमट हवेचं टेन्शन न्हाई. पोटेन्शिओमीटरवाल्या स्टिक पावसाळ्यात थरथरत्यात, त्यांना कॉन्टॅक्ट क्लीनर लागतंय.

शाहूपुरी_वायपर:
हेडसेट नसला तरी मान वळवता आली पाहिजे. ओपनट्रॅक हा डोक्याची हालचाल टिपणारा प्रोग्रॅम फुकट आहे आणि साध्या वेबकॅमवर चालतो. इनपुट ‘न्यूरलनेट’, फिल्टर ‘अॅक्सेला’, आउटपुट ‘फ्रीट्रॅक २.० एन्हान्स्ड’. डोक्यावरचा उजेड समोरून हवा, पाठीमागं खिडकी नको. मॅपिंगमध्ये मधला ३ ते ४ अंशांचा भाग सपाट ठेवा, नाहीतर श्वास घेतला तरी हड हलतो.

वेबकॅम अंधारात लटपटतो. मग टोपीला तीन इन्फ्रारेड एलईडी. प्रत्येकावर साधारण १.३ ते १.४ व्होल्ट पडतात, तिन्ही एकापुढं एक जोडले की यूएसबीच्या ५ पैकी ०.९ च्या आसपास उरतात. त्याला २२ ओहमचा रेझिस्टर, म्हणजे ४० मिलीअँपिअर. रेझिस्टर न लावता जोडलेत तर पहिल्याच संध्याकाळी एलईडी जातील.

फुकटातलं सगळ्यात मोठं काम मात्र सेटिंगमध्ये आहे: विमानांवरची नावांची लेबल बंद, बाहेरचे कॅमेरे बंद, आणि ब्रीफिंगचा कागद मांडीवर.

तिसरी_गल्ली:
लाइटचं. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे बहुधा ३६० वॉट. तुमचा पीसी आणि मॉनिटर मिळून गेममध्ये अडीचशेच्या घरात जाणार, म्हणजे चालेल पण दोन-चार मिनिटं. १००० व्हीए घ्या. घरच्या इन्व्हर्टरवर टाकणार असाल तर मागचं बटण ‘यूपीएस’ मोडवर हवं. साध्या मोडमध्ये बदलाला लागणारा क्षण पीसीला पुरतो आणि तो रीस्टार्ट होतो. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर चांगल्या एसएमपीएसला (पीसीचा पॉवर सप्लाय) तो मानवत नाही.

बीएमएसमध्ये ‘फ्लाय’ दाबायच्या आधी कॅम्पेन सेव्ह करा, आणि दर वेळी नवीन नावानं: दिवस१_सकाळ, दिवस१_दुपार असं. त्याच फाइलवर लिहिताना लाइट गेली तर अख्खं युद्ध गेलं.

उजळाईवाडी_फायनल:
बीएमएस नक्की केला, रॅम नंतर. लेथवाले भावा, थ्रॉटलच्या प्लेटलाही ४ मिलीमीटरच का?

लेथवरचा_भावा:
थ्रॉटलला ३ चालतंय, तिथं ओढाताण न्हाई. फकस्त प्लेट पुढच्या बाजूला ५ अंश खाली झुकवून घ्या, मनगट सरळ राहतंय. दोन्ही एकदमच करून घ्या, एका प्लेटीसाठी कोण मशीन लावत न्हाई.