हम्फ्री फेलोशिपचा फॉर्म भरताना

एकांनी विचारलंय की नगरपालिकेत पाणीपुरवठ्याला असलेल्या इंजिनियरने हम्फ्री फेलोशिपला (नोकरीत मुरलेल्या लोकांना अमेरिकेत शिकायला नेणारी तिथल्या सरकारची योजना) अर्ज करावा का आणि युनिव्हर्सिटी कुठली टाकावी. करा की! पण युनिव्हर्सिटी आपण निवडतच नाही, फील्ड बघून फेलोशिपवालेच पाठवतात, अमुकच पाहिजे हा हट्ट चालत नाही. डिग्रीही मिळत नाही हां, साधारण 10 महिने क्लासेस, ओळखीपाळखी आणि किमान 6 आठवडे तिथल्या एखाद्या ऑफिसात प्रत्यक्ष काम. पदवीनंतर फुलटाइम कामाची 5 वर्षं झालेली हवीत.

खरी मेख निबंधांत आहे. बहुतेक जण 'समाजसेवेची लहानपणापासून आवड' वगैरे लिहून मोकळे होतात. वाचणाऱ्याने काय करायचं त्याचं? त्यापेक्षा तुमच्या गावात पाणी दिवसाआड का येतं, कुठली लाइन कुठून गेलीय हे नकाशात नाही तर व्हॉल्व्ह सोडणाऱ्या माणसाच्या डोक्यात कसं आहे आणि तो रिटायर झाल्यावर काय होणार, हे लिहा ना, आणि परत आल्यावर त्यात नेमकं काय बदलणार तेही.

रजेची आणि एनओसीची फाईल मात्र आत्ताच हलवा, मध्येच साहेब बदलले तर पुन्हा पहिल्यापासून. आणि जे-वन व्हिसावर (अमेरिकेचा एक्स्चेंज व्हिसा) जाता, नंतर 2 वर्षं मायदेशी राहायची अट असते, तेव्हा तिकडेच सेटल व्हायचा बेत असेल तर या भानगडीत पडू नका. यूएसआयईएफच्या (भारतात या फेलोशिपचे अर्ज घेणारी संस्था) साइटवर यंदाची जाहिरात आलीय का तेवढं आधी बघून घ्या.