देवळात गर्दी झाली की ब्लूटूथवरचा तंबोरा तुटतोय. काय करावं?

पेटीवाला_येळ्ळूर:
राम कृष्ण हरी मंडळी. आमचं भजनी मंडळ, पेटी माझ्याकडे. वर्षभर झालं, मोबाईलच्या ॲपवर पांढरी चार पट्टीचा तंबोरा लावतो, आवाज ब्लूटूथ स्पीकरवर. स्पीकर गाभाऱ्याच्या उंबऱ्याजवळ खाली, मोबाईल माझ्या खिशात, मध्ये आठ-नऊ पावलं. बुधवारी तालमीला आम्ही सहाजण असतो, दोन तास सूर हलत नाही. एकादशीला देऊळ भरलं की पहिल्या अभंगातच खर्र... खर्र... गप्प. स्पीकर बेळगावला दुकानात नेला तर तिथं ठणठणीत! दुकानदार म्हणतो, "चांगला वाजूलालाय की." पखवाजकाका म्हणतात, तुमच्या निळ्या दाताला माणसांची भीती वाटूलालीय.

खानापूरचा_रेडिओवाला:
काका बरोबर बोलले. ब्लूटूथ 2.4 गिगाहर्ट्झवर चालतं आणि ह्या लहरी पाणी शोषून घेतं. माणूस म्हणजे निम्म्याहून जास्त पाणीच. त्यात मोबाईलच्या ब्लूटूथची ताकदही अगदी थोडी. रिकाम्या देवळात भिंतीवर आपटून का होईना, पोचतं; माणसं दाटीनं बसली की मध्येच जिरतं. न पोचलेला तुकडा मोबाईल पुन्हा पाठवतो, तोवर स्पीकर आपल्याजवळच्या शिलकीवर वाजतो. शिल्लक संपली की खर्र. आणि मोबाईल खिशात म्हणजे पहिला अडथळा तुम्हीच!

निपाणीकर_77:
एवढं कशाला? ब्लूटूथच्या 5.3 आवृत्तीवाला नवा स्पीकर घ्या, प्रश्न मिटला.

खानापूरचा_रेडिओवाला:
नाही हो. आकडा वाढला म्हणून पाण्यातून आरपार जात नाही. सेकंदाला 1600 वेळा चॅनेल बदलायची युक्ती ब्लूटूथमध्ये पहिल्यापासून आहे, आणि वायफायनं भरलेले चॅनेल टाळायचं तर 2003 सालच्या 1.2 आवृत्तीतच आलं. गोंगाटावर इलाज आहे, माणसांच्या भिंतीवर नाही.
पेटीवाले, स्पीकर डोक्यांच्या वर, भिंतीतल्या देवळीत ठेवा, मोबाईल खिशातून काढून पेटीवर. सगळ्यात पक्कं म्हणजे साधी ऑक्स वायर, मोबाईलच्या हेडफोनच्या भोकातून स्पीकरला जोडायची. मोबाईल एरोप्लेन मोडवर टाका, नाहीतर ऐन अभंगात साडूचा फोन यायचा. ब्लूटूथ तेवढं परत चालू करता येतं.
आणि काकांना सांगा, निळा दात खराच होता. दहाव्या शतकातल्या डेन्मार्कच्या हॅराल्ड राजाचं ते टोपणनाव.

वडगाव_टाळकरी:
तंबोऱ्याला चालतंय म्हणून ताल मात्र ब्लूटूथवर लावू नका. आवाज जरा मागं येतो. आम्ही एकदा केलं, सम (तालाची पहिली मात्रा) हरवली, बुवा अजून टोमणे मारतात.

पेटीवाला_येळ्ळूर:
झाली एकादशी. आधी देवळीचा प्रयोग केला: स्पीकर वर, मोबाईल पेटीवर. आरतीला सगळे उभे राहिले तेव्हा दोनदा अडखळला, बाकी गेला सरळ. पण मला ते दोनदाही खुपलं. माझ्या मोबाईलला वायरीचं भोकच नाही, म्हणून पोराचा जुना मोबाईल काढून ऑक्सनं स्पीकरला बांधला. कालच्या भजनात एकदाही तुटला नाही. अडचण एकच. पाहुणे बुवा काळी एकमध्ये गायले, तर पट्टी बदलायला गर्दीतून उंबऱ्यापर्यंत जाणार कोण? नातवाला स्पीकरजवळ बसवलं. पखवाजकाका म्हणतात, तंबोरा जागा राहिला, पोरगं झोपूलालंय.