मदत हवी आहे: ताईला डिलिव्हरीत एएफई (गर्भजल रक्तात उतरणं) झालं होतं, दुसऱ्या बाळाचा विचार करावा का?

नमस्कार, बरेच दिवस लिहू की नको करत होते. माझी ताई दोन वर्षांपूर्वी बाळंत झाली, नऊ महिने सगळं नॉर्मल, बीपी नाही शुगर नाही, कळा पण नीट चालू होत्या आणि अचानक म्हणाली मला कसंतरी होतंय, श्वास लागतोय, आणि दोन मिनिटांत बेशुद्ध. हार्ट थांबलं. सीपीआर देत देतच सिझर करून बाळ काढलं, मग रक्त गोठेचना, टाक्यांतूनही झिरपत होतं. दाजी रात्रभर ब्लड बँकेच्या फेऱ्या मारत होते, रक्त प्लाझ्मा प्लेटलेट्स मिळून २२ पिशव्या लागल्या. सहा दिवस व्हेंटिलेटर. पण ताई वाचली, गर्भपिशवीही काढावी लागली नाही, भाची छान आहे.

डिस्चार्ज कार्डवर अॅम्निओटिक फ्लुइड एम्बॉलिझम, म्हणजेच एएफई, लिहिलंय. गर्भजल आईच्या रक्तात उतरतं आणि शरीर त्यावर अॅलर्जीसारखं भडकतं, आधी कळायची कुठलीच टेस्ट नाही, असं डॉक्टरांनी समजावलं होतं. पण घरी कोण ऐकतंय, सासूबाई अजून म्हणतात सातव्या महिन्यात प्रवास केलास म्हणून झालं. ताई गप्प बसते. आता तिलाही ते खरं वाटायला लागलंय, हेच मला फार लागतं.

तिला दुसरं बाळ हवंय, पण हॉस्पिटलचा वास आला तरी हात थरथरतात. एएफईनंतर पुन्हा बाळंत झालेलं कुणी ओळखीत आहे का? परत होतं का हे? डॉक्टरांना काय विचारू?

प्रतिसाद:
मी भूलतज्ज्ञ आहे. प्रवासाने हे होत नाही, सासूबाईंना हे वाचून दाखवा हवं तर. साधारण ४० हजार बाळंतपणांत एखादी केस, आणि ती कुणाला होईल ते आम्हालाही आधी सांगता येत नाही. यानंतर सुखरूप बाळंत झालेल्या बायका आहेत, परत होण्याचा धोका फार वाढतो असं दिसलेलं नाही, पण अशा केसेस मुळातच मोजक्या म्हणून गॅरंटी कुणी देणार नाही. दिवस जाण्याआधीच मोठ्या हॉस्पिटलात दाखवा, जिथे आयसीयू, ब्लड बँक आणि भूलतज्ज्ञ २४ तास आहेत. हार्टचा टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या. आधीचं सिझर आहे म्हणून सोनोग्राफीत वार (प्लॅसेंटा) जुन्या टाक्यांवर तर नाही ना हे मुद्दाम विचारा. हात थरथरतात त्यासाठी समुपदेशक आत्ताच गाठा, दिवस जायची वाट बघू नका. आणि जुन्या हॉस्पिटलातून पूर्ण केस पेपर मागून घ्या, नुसतं डिस्चार्ज कार्ड पुरणार नाही.