अंघोळीच्या पाण्यात मध: तुमचे अनुभव लिहा

गेल्या थंडीत माझ्या पायांची सालटी निघत होती, रात्री गोधडीत पाय घासले की खरखर आवाज यायचा. भाऊ कोल्हापूर जिल्ह्यातल्या भुदरगडातल्या पाटगावला, आपल्या 'मधाच्या गावाला' गेला होता. त्यानं जांभळाचा मध आणला, गर्द रंगाचा, जरा तुरट. दोन मोठे चमचे मध तांब्याभर कोमट पाण्यात विरघळवून बादलीत ओतला. साबण आधी उरकला, मग हे पाणी हळूहळू अंगावर घेतलं. पाच मिनिटं पाटावर तशीच बसून राहिले आणि शेवटी साध्या पाण्याचे दोन तांबे. मध ओलावा ओढून धरतो, त्यामुळे अंग पुसल्यावर कातडी ताणल्यासारखी वाटली नाही. आठवड्यातून दोनदा करते. तुम्ही कसं करता? काय चुकलं तेही लिहा.

शाहूपुरीतून
ताई, विरघळवून घ्यायचं ते महत्त्वाचं. मी मध थेट बादलीत ओतला होता. तो तळाशी गोळा होऊन बसला आणि शेवटच्या तांब्याबरोबर सगळा केसांत आला. पाणीही बंबातलं कढत होतं. आजी म्हणाली, "मध तापवायचा नसतो गं." जास्त उष्णतेनं त्यातली विकरं (एन्झाइम) निकामी होतात. आता मी आधी कोपर बुडवून बघते, चटका लागला तर थांबते.

गंगावेशीतून
आमच्याकडं सणाला देवाला पंचामृत स्नान असतं. दूध, दही, तूप, मध, साखर. लहानपणी ते उरलेलं आई आमच्या हातापायांना चोळायची, मग न्हाणीत पाठवायची. माझी मधाची अंघोळ तिथूनच आली. दूध कट्ट्यावरून म्हशीचं दूध आणते, त्यातलं अर्धी वाटी बाजूला काढून त्यात चमचाभर मध फेटते. कोपरं, गुडघे, टाचा, एवढ्यालाच लावते. दहा मिनिटं दार लावून बसते, त्या वेळात घरात कुणी हाक मारायची नाही असं सांगून ठेवलंय. नंतर मोरी गरम पाण्यानं लगेच धुवायची. एकदा राहिली तर सकाळपर्यंत मुंग्यांची रांग उंबऱ्यापर्यंत आली होती.

तालमीतला
आमच्या कुस्तीच्या हौद्यातल्या लाल मातीत हळद, ताक, तेल, लिंबू पडतं, त्यामुळं अंगाला असलं लावायची सवय आहे. पण कुस्तीत खांदा खरचटला होता आणि त्यावरच मधाचं पाणी घेतलं. लई झोंबलं! मध मुळात आम्लधर्मी असतो. दवाखान्यात जखमेला वापरतात तो निर्जंतुक केलेला असतो, बरणीतला नव्हे. खपली धरेपर्यंत थांबा भावांनो.

कसबा बावड्यातून
माझ्या लेकीच्या मानेवर लाल चट्टे उठले. डॉक्टरांनी मधातल्या परागकणांचं कारण सांगितलं. आधी हाताच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक दिवस बघा. आणि वर्षाच्या आतल्या बाळाच्या पाण्यात घालूच नका, त्या वयात मध तोंडात जाणं धोक्याचं असतं.

गगनबावड्याकडून
आमच्या सातेरी मधमाश्यांच्या चार पेट्या आहेत. थंडीत मध गोठला की लोक साखर घातली म्हणून परत आणून देतात. ती भेसळ नव्हे. बरणी कोमट पाण्यात ठेवा, पातळ होतो. खरं सांगायचं तर कुणी वाटीभर मध बादलीत ओतला म्हणालं की माझा जीव तुटतो, एका माशीच्या अख्ख्या आयुष्याची कमाई चमचाभरसुद्धा नसते. दोन चमचे ठीक आहेत.

पुन्हा मी
दादा, पटलं. आजपासून एकच चमचा, तोही फक्त पायांना. बरणी आता न्हाणीतून उचलून फडताळात ठेवलीय.