मदत हवी आहे: चिपाडाचा कार्बन काचेवर टिकत नाही

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात एम.एस्सी.चा प्रकल्प करतेय, डाय-सेन्सिटाइज्ड सोलर सेलवर, म्हणजे रंगद्रव्याने प्रकाश शोषून वीज करणाऱ्या सेलवर. १९९१ मध्ये ओ'रेगन आणि ग्रेट्झेल यांनी मांडलेला तोच सेल. काउंटर इलेक्ट्रोडवरचं (रंगद्रव्याच्या समोरच्या काचेवरचं) प्लॅटिनम इलेक्ट्रोलाइटमधल्या, म्हणजे सेलमधल्या द्रावणातल्या, ट्रायआयोडाइडचं पुन्हा आयोडाइड करतं, पण ते परवडत नाही. आपल्याकडे गुऱ्हाळावर चुलवाणाला घालूनही चिपाड उरतं. प्लॅटिनमऐवजी वापरायला ते नायट्रोजनमध्ये ८०० अंशांवर तापवून कार्बन केला आणि त्याची पेस्ट एफटीओ काचेवर (वीज वाहणारा पारदर्शक थर असलेल्या काचेवर) पसरली.

थर दिसतो छान, पण इलेक्ट्रोलाइट सोडला की दोन दिवसांत पापुद्रे सुटतात. फिल फॅक्टरही (सेलची प्रत्यक्ष कमाल शक्ती आणि त्याच्या कमाल व्होल्टेज-करंटचा गुणाकार यांचं गुणोत्तर) ०.४ च्या वर जात नाही. थराचा रोध जास्त असावा. पकड यावी म्हणून हवेत ४५० अंशांवर भाजलं, तर कार्बनच जळाला. टायटॅनियम डायऑक्साइडचे नॅनोकण बाइंडर म्हणून घालावेत म्हणतेय, पण ते वीज नीट वाहू देत नाहीत. किती टक्के घालू? ग्रॅफाइट मिसळून कुणाचा रोध उतरलाय का? प्लॅटिनमला कोबाल्ट सल्फाइडचाही पर्याय आहे, पण आपल्या उसाचा कार्बन सोडवत नाही.

इम्पिडन्स (एसी करंटला सेलचा होणारा रोध) मोजायची सोय जवळपास कुणाकडे असेल तर सांगा, मी सेल घेऊन येते.